तोंडवळीचं सी-वर्ल्ड, विजयदुर्गचं जहाज आणि निवतीची पाणबुडी

सिंधुदुर्गात समुद्राशी निगडित तीन मोठ्या गोष्टी 'येणार, येणार' म्हणून गाजल्या. आधी मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीचं सी-वर्ल्ड, म्हणजे समुद्री जीव दाखवणारं मोठं पार्क. मग 2018 पासून निवतीच्या समुद्रातली पर्यटक पाणबुडी. आणि आता आयएनएस गुलदार हे नौदलाचं निवृत्त जहाज निवतीच्या खडकांजवळ बुडवून तयार होणारं पाण्याखालचं संग्रहालय. मालवण माझं आजोळ, त्यामुळे या तिन्हींच्या बातम्या मी जीव लावून वाचत आलोय. काय येईल, कुठे येईल, आलं तर कसं असेल, याच्या गप्पा आमच्या घरात सणावाराला रंगतात. 2025 च्या एप्रिलात गुड फ्रायडेची सुट्टी जोडून आली. म्हटलं, तिन्ही जागा सलग बघून घेऊ. बरोबर आठवीतली लेक आणि मेकॅनिकलला असलेला भाचा. भाच्याला राइड्सचं भयंकर वेड. जगात कुठल्या पार्कात कोणता रोलर कोस्टर उभा राहतोय, कुणी बनवलाय, किती उंच आहे, सगळं तोंडपाठ.

गुरुवार : पुणे ते विजयदुर्ग

पहाटे निघालो, कोल्हापूरला मिसळ, मग राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट उतरलो. घाटाखाली आलं की हवा अंगाला चिकटायला लागते आणि रस्त्याकडेला आंब्याच्या पेट्या दिसायला लागतात. तळेऱ्यावरून विजयदुर्गचा रस्ता धरला.

गाडीत भाच्याची गाडी सुसाट. अमेरिकेतल्या ओरलँडोच्या सीवर्ल्ड या समुद्री पार्कनं 2022 ला आइस ब्रेकर आणला, 2023 ला पाइपलाइन, 2024 ला पेंग्विन ट्रेक आणि 2025 ला एक्स्पिडिशन ओडिसी. वर्षाला एक नवीन राइड. पाइपलाइनमध्ये माणसं सर्फबोर्डवर उभी राहिल्यासारखी उभी असतात आणि त्यांची बैठक वळणावळणाला वरखाली होते. तिथल्याच मांटा कोस्टरमध्ये पोटावर आडवं टांगतात, तोंड जमिनीकडे, आणि रांगेत उभं असताना बाजूच्या टाक्यांतून खरे पाकट मासे पोहत असतात. माको हा शार्कच्या नावाचा, 200 फूट उंच, ताशी 117 किलोमीटर. पेंग्विन ट्रेकची गाडी संपते ती थेट पेंग्विनच्या घरापाशी.

"आणि मामा, नवीन राइड जाहीर व्हायच्या आधीच लोकांना कळलेली असते," तो म्हणाला. कसं? तर बांधकामाची परवानगी मागितली की ती कागदपत्रं सार्वजनिक होतात. उंचीची मर्यादा ओलांडायची असेल तर तो अर्ज निघतो. नव्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवला जातो. मागच्या आवारात रुळांचे रंगवलेले तुकडे येऊन पडतात, त्यांच्या रंगावरून आणि जोडणीवरून कंपनी ओळखता येते. चाहते हे सगळं जुळवत बसतात आणि बरेचदा अंदाज बरोबर निघतो.

मला हे ऐकून आपला कोकण आठवला. आपल्याकडेही अंदाज बांधणारे काही कमी नाहीत, फक्त पुरावे वेगळे. भूसंपादनाची नोटीस, सातबाऱ्यावरचा शेरा, शासन निर्णय, निविदा, मोजणीदार येऊन गेल्याची बातमी. फरक एवढाच की तिकडे कागद निघाला की दोन वर्षांत त्यावर माणसं किंचाळत बसलेली असतात.

दुपारी उशिरा विजयदुर्ग गाठलं. किल्ला आधी बघायचा असतो, पण आम्ही तडक बंदरावर गेलो. गुलदार तिथेच होतं. फेब्रुवारीत कारवारला नौदलानं ते राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं आणि नंतर इथे आणलं, बुडवण्याआधीच्या साफसफाईसाठी.

जहाज 83.9 मीटर लांब आणि 9.7 मीटर रुंद. पोलंडमधल्या गडिनियाच्या गोदीत बांधलेलं, 30 डिसेंबर 1985 ला नौदलात दाखल झालेलं, 12 जानेवारी 2024 ला निवृत्त. हे रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. म्हणजे तळ उथळ, पुढचं तोंड उघडणारं आणि आत एक लांबच लांब रिकामं दालन, जिथे रणगाडे उभे राहायचे. धक्क्यावरून बघताना करड्या रंगाखालून गंजाचे तांबडे ओघळ दिसत होते, खाली पाण्याच्या रेषेला हिरवट शेवाळ चढलेलं. भाचा दहा मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पुढचं दार उघडं ठेवून बुडवलं तर? पाणबुडे तोंडातून आत शिरतील आणि अख्खं दालन पोहून मागून बाहेर येतील." त्याच्या डोक्यात राइडच तयार झाली होती, फक्त रूळ नव्हते.

जहाज बुडवणं म्हणजे नुसतं भोक पाडणं नव्हे. टाक्यांतलं इंधन आणि तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढावं लागतं. वायरी, इन्सुलेशन, रबर, प्लॅस्टिक, सुटणारा रंग, सगळं बाहेर. मग माणूस आत अडकू नये म्हणून दारं काढायची आणि जागोजागी बाहेर पडायला मोकळ्या वाटा कापायच्या. अमेरिकेनं ओरिस्कनी नावाची अख्खी विमानवाहू नौका 17 मे 2006 ला फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ अशीच बुडवली. बुडायला 37 मिनिटं लागली, पण त्याआधीच्या साफसफाईत आणि विषारी रसायनांच्या तपासण्यांत खूप काळ गेला. आज ती पाण्यात बुडी मारणाऱ्यांचं मोठं आकर्षण आहे. म्हणून विजयदुर्गात जहाज काही महिने उभं दिसलं तर 'अजून बुडलं नाही' म्हणून कुणी नाक मुरडू नये असं मला मनापासून वाटतं. घाई नकोच.

संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर बसलो. वाघोटनची खाडी समोर. याच बंदरात फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, आणि मधे मराठ्यांचीच गलबतं पेटलेली. ही गोष्ट मला लहानपणापासून सलते. लेकीला सांगितली तर तिनं विचारलं, "मग ती जहाजं आता खाली असतील का?" लाकूड अडीचशेहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात टिकणं अवघड, पण गाळात गाडलं गेलेलं टिकू शकतं. संग्रहालयात गुलदारबरोबर आंग्र्यांच्या आरमाराची माहिती, गलबताची, गुराब या मोठ्या लढाऊ जहाजाची पूर्णाकृती प्रतिकृती ठेवावी असं तिनं ठरवून टाकलं. मला ही कल्पना फार आवडली. गुराबाला पुढे उतरता नाळ, म्हणजे टोक, असायचा आणि त्यावर तोफा. पाण्याखाली ते रूप काय दिसेल!

शुक्रवार : देवगड, आचरा, तोंडवळी

सकाळी पडेल, जामसंडे, देवगड करत कुणकेश्वराला गेलो. दर्शन, शहाळं, पुढे मिठबाव आणि आचरा. या पट्ट्यात सांगण्यासारखं खूप आहे, पण आमचं लक्ष तोंडवळीकडे.

तोंडवळीला एकदा तरी जाऊन बघाच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, आणि पुढे तळाशीलकडे जाताना मधली जमीन इतकी अरुंद होत जाते की रस्त्यावर उभं राहून दोन्ही पाणी दिसतं. किनाऱ्याला सुरूचं बन. वर वायंगणीच्या बाजूला सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, काजूची कलमं, गवत, मधेच चिऱ्याचे गडगे. याच परिसरात सी-वर्ल्ड होणार होतं. पुण्याच्या सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्कनं त्याचा अहवाल केला. सुरुवातीला तेराशेहून जास्त एकर जमिनीची चर्चा होती. गावानं विरोध केल्यावर आकडा साडेतीनशे एकरांवर आला. तरी विरोध राहिला आणि सी-वर्ल्ड कागदावरच राहिलं.

एका घरी जेवायची सोय झाली. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, घावणे. वाढणाऱ्या काकींना विचारलं तर म्हणाल्या, "बारा-पंधरा वर्सां आयकतव. येतलो, येतलो म्हणतत, येणा काय नाय. आणि आमची काजीची झाडां आसत थंय, ती खंय न्हेतलंव?" रागावलेल्या नव्हत्या. त्यांच्या पुतण्याचं मत अगदी वेगळं होतं. तो मुंबईत लोअर परळला नोकरी करतो, सुट्टीला आला होता. "इथे काहीतरी आलं असतं तर मी तिकडे दहा बाय दहात राहिलो नसतो," तो म्हणाला. दोघांचं बोलणं एकाच ताटावर चाललं होतं आणि मला दोघांचंही पटत होतं. कोकणातल्या प्रत्येक प्रकल्पाची गाठ इथेच आहे. विरोध करणारे आणि वाट बघणारे एकाच घरात जेवतात.

जेवण झाल्यावर भाच्यानं फोनवर हिशेब काढला. अबुधाबीचं सीवर्ल्ड मे 2023 मध्ये उघडलं. पाच मजल्यांवर मिळून 1 लाख 83 हजार चौरस मीटर. एकरात मोजलं तर जेमतेम पंचेचाळीस. त्यात अडीच कोटी लिटरची एक टाकी, ध्रुवप्रदेश, कोस्टर, सगळं बसलं. ओरलँडोचं सीवर्ल्ड दोनशे एकरांच्या आसपास. मग तोंडवळीला तेराशे एकर कशाला? या प्रश्नाचं उत्तर गावाला समाधानकारक मिळालं नाही आणि माझ्या मते प्रकल्प तिथेच अडला. समुद्रातल्या माशांपेक्षा जमिनीचीच चर्चा जास्त झाली.

त्याहून महत्त्वाचं मला दुसरं वाटतं. सीवर्ल्डचं पहिलं पार्क 1964 चं, सॅन दिएगोला, खाडीकाठी. पण पुढची कुठे झाली बघा. 1970 ला ओहायोत, 1973 ला ओरलँडोत, 1988 ला सॅन अँटोनिओत. तिन्ही ठिकाणी समुद्रकिनारा नाही. अबुधाबीला समुद्र आहे, पण उन्हाळ्यात माणूस बाहेर उभा राहू शकत नाही, म्हणून सगळं बंदिस्त आणि थंड. जिथे समुद्र बघता येत नाही तिथे समुद्र आणून दाखवायचा, हा या पार्कांचा पाया आहे. तोंडवळीच्या सुरूच्या बनातून दोनशे पावलं चाललं की अरबी समुद्र पायाशी येतो. इथे काचेच्या टाकीसाठी सडा फोडणं मला पटत नाही.

आणि टाकीत ठेवणार काय? सी-वर्ल्ड म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे डॉल्फिनचा खेळ येतो. तो भारतात होणारच नाही. मे 2013 मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की डॉल्फिन पाळून खेळ करणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाला परवानगी द्यायची नाही. त्याआधी 1998 ला चेन्नईजवळ असा प्रयोग झाला होता. बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. खुद्द सीवर्ल्डनं 2016 मध्ये ऑर्कांची (किलर व्हेलची) पैदास थांबवल्याचं जाहीर केलं आणि अबुधाबीचं पार्क तर ऑर्काशिवायच उभं केलं. म्हणजे तोंडवळीला उद्या काही आलंच तर ते प्राण्यांच्या खेळाचं नसेल. राइड्सचं असेल, नाहीतर शिकण्या-बघण्याचं.

राइड्सबद्दल भाच्यानं एक चांगला मुद्दा काढला. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो आणि ओरलँडोचा क्रॅकन हे कोस्टर, दोन्ही एकाच स्विस कंपनीचे, दोन्हींत पायाखाली फळी नाही. म्हणजे तशी राइड महाराष्ट्रात चालते, 2013 पासून चालतेय. पण खोपोली किनाऱ्यापासून आत आहे. तोंडवळीच्या खाऱ्या वाऱ्यात पोलादाचं काय होतं ते बघायला त्यानं आम्हाला घराच्या खिडकीच्या गजाकडे नेलं. बोटानं दाबलं तर गंजाचा पापुद्रा सुटून हातात आला. पावसाळ्यात चार महिने बंद, उरलेल्यात रंगरंगोटी. त्याचा हिशेब कुठल्याच बाजूनं जुळेना आणि त्याला त्याचं मनापासून वाईट वाटत होतं.

उन्हं उतरल्यावर किनाऱ्यावर गेलो. वाळूत जाळी लावून कुंपण केलेलं, आत कासवांची अंडी पुरलेली, प्रत्येक खड्ड्याजवळ तारखेची पाटी. ऑलिव्ह रिडलेची अंडी साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी फुटतात. राखणीला असलेल्या भाऊंनी सांगितलं की सकाळीच पिल्लं सोडली. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे उजेड जास्त तिकडे धावतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्रावर असतो. किनाऱ्यामागे दिवे लागले की ती उलटी फिरतात आणि जमिनीवर मरतात. लेकीनं मागे वळून वायंगणीच्या सड्याकडे पाहिलं. तिथे त्या वेळी एकही दिवा नव्हता. तिला पार्क हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, पण ती म्हणाली, "मग रात्री बंद ठेवावं लागेल." एखाद्या अहवालात हे वाक्य आधीच लिहिलेलं असायला हवं होतं.

रात्री मालवणला मावशीकडे.

शनिवार : मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली

सुट्टीमुळे मालवण तुडुंब. जेटीवर रांग, तारकर्लीच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या, बनाना राइड, बंपर, जेट स्की, पॅरासेलिंग, सगळ्यांचे दर एका दमात सांगणारी पोरं. लेकीनं बंपर केलं, तिला आवडलं, यापुढे त्याविषयी काही लिहायची गरज नाही.

किल्ल्याजवळच्या पाण्याविषयी मात्र लिहायला हवं. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाला हात घातला. त्याच्या भोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, 29.122 चौरस किलोमीटरचं, त्यातला गाभा 3.182 चौरस किलोमीटर, आणि किल्ला त्या गाभ्यात येतो. स्नॉर्केलिंग आणि स्कुबाच्या होड्या याच भागात उभ्या राहतात.

आम्ही स्नॉर्केलिंग केलं. मास्क तोंडावर घट्ट, श्वास नळीतून, आणि डोकं पाण्याखाली घातलं की गोंगाट एकदम थांबतो. पाणी हिरवट, चार-पाच मीटरपलीकडे धुकं. खाली तपकिरी गोळ्यांसारखं प्रवाळ, जवळून पाहिलं तर प्रत्येक गोळ्यावर बारीक बारीक खळगे, ओळीनं कोरल्यासारखे. त्यावरून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा वळत होता. पाव टाकणारा पर्यटक जिकडे, थवा तिकडे. माझ्यापासून हातभर अंतरावर एक गृहस्थ दम लागला म्हणून प्रवाळावर उभे राहिले. त्यांच्या पायाखालून पांढरी धूळ उठली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा दगड जिवंत आहे. थोडं पुढे होडीच्या नांगरानं ओरबाडलेला पट्टा होता, ताजा, पांढरा. मला पाण्यात ओरडता येईना. वर आल्यावर मी होडीवाल्या दादांना बोललो. ते शांतपणे म्हणाले, "आमका कळता सगळा. पण माणसां इतकी येतत, आणि जागा हीच एक. दुसरी दाखवा, थंय न्हेतंव."

तीन दिवसांत ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. दुसरी जागा दाखवा. गुलदार बुडवायचं ते याच्यासाठी. नवं आकर्षण म्हणजे पर्यटक वाढणार एवढंच आपण बघतो. पण इथे ते किल्ल्याच्या प्रवाळावरचा भार हलका करू शकतं. लोखंडावर आधी शेवाळ बसतं, मग शंख-शिंपले, बार्नेकल, मग लहान मासे आसरा घेतात, त्यांच्यामागे मोठे. काही वर्षांत वर्दळ जमते. माणसाचा पाय लागला तरी पोलादाला काही होत नाही.

पण एक अडचण आहे, आणि तिची बातम्यांत चर्चा होत नाही. संध्याकाळी तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या स्कुबा प्रशिक्षण केंद्रात गेलो तेव्हा ती स्पष्ट झाली. मालवणात आज जो 'स्कुबा' बहुतेक लोक करतात, तो पोहता न येणाऱ्यालाही करता येतो. प्रशिक्षक हात धरून काही मीटर खाली नेतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. बिनप्रशिक्षणाच्या माणसाला बारा मीटरच्या खाली न्यायचं नाही, आणि पहिला ओपन वॉटर अभ्यासक्रम केलेल्याला अठरापर्यंत, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे बुडवलेलं जहाज नीट बघायचं तर पर्यटकाला आधी शिकावं लागेल. आणि जहाजाच्या आत शिरायचं तर त्याहून वरचं शिक्षण हवं. भाच्याचं ते तोंडातून शिरून मागून बाहेर येणं नवशिक्यासाठी नाही.

मला यात तोटा दिसत नाही. उलट फार चांगलं दिसतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून जाणाऱ्या माणसाऐवजी चार दिवस राहून शिकणारा माणूस येईल. त्याला घर लागेल, जेवण लागेल, शिकवणारा लागेल, आणि शिकवणारा मालवणचाच असेल. लोअर परळच्या त्या मुलाला परत यायला एखादं कारण मिळेल.

रविवार : निवती, आणि समुद्रात आत

देवबाग, कर्ली खाडीचा संगम मागे टाकून, वळसा घालून भोगव्याच्या किनाऱ्यावरून निवतीला पोचलो. बंदरात होड्या ओळीनं, वाळत घातलेली जाळी, सुक्या मासळीचा वास. ओळखीतून एका तांडेलांची, म्हणजे होडी चालवणाऱ्या नायकांची, होडी मिळाली. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून निघालो.

पहिली पंधरा मिनिटं पाणी गढूळ हिरवंच. नंतर एका रेषेवर रंग बदलला. तांडेलांनी इंजिन हळू केलं. "बगा, हयसून पाणी निळा झाला." खाडीचा गाळ इथवर पोचत नाही. होडीच्या सावलीत खाली नजर टाकली तर सूर्याच्या तिरीपी खोलवर जाताना दिसत होत्या. मालवणच्या धुक्यानंतर हे पाणी म्हणजे वेगळाच समुद्र. पुढे खडकांची बेटं, त्यावर दीपगृह, आणि कड्यांच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वस्ती. त्या लाळेनं घरटी बांधतात. आम्ही लांबूनच फेरी मारली, बेटावर उतरलो नाही. उतरूही नये.

पाणबुडीची जागा निवती का ठरली, ते या रंगाच्या रेषेनं समजलं. पर्यटक पाणबुडीला खोलीपेक्षा स्वच्छ पाणी लागतं. हवाई बेटांवर त्या चालतात कारण तिथे पाणी आरपार दिसतं. चार मीटरच्या धुक्यात चोवीस माणसं काचेला नाक लावून बसली तर त्यांना हिरव्या रंगाशिवाय काही दिसणार नाही. इथेही स्वच्छ पाणी वर्षभर नसतं. किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार मेअखेर बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत, आणि पावसानंतर गाळ खाली बसायला वेळ लागतो. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर 2023 मध्ये गुजरातनं द्वारकेला पाणबुडी जाहीर केली तेव्हा आपल्याकडे 'आमची पाणबुडी पळवली' म्हणून केवढा गदारोळ झाला. मलाही तेव्हा चरफड झाली होती. पण निवतीच्या पाण्यात उभं राहून मला वाटतं, पाणबुडी ही शेवटची पायरी असू दे. आधी जहाज बुडू दे, त्यावर जीव जमू देत, मग बघायला काहीतरी असेल. तोवर ज्यांना पोहता येत नाही, आजी-आजोबांना, लहान पोरांना, तळाला काचा असलेल्या होड्या पुरतील. त्या स्वस्त पडतात, दुरुस्त्या इथल्या इथे होतात आणि आमच्या या तांडेलांनाही चालवता येतील.

तांडेलांना जहाजाबद्दल विचारलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. जहाज पडलं की त्याच्याभोवती मासे जमतील, हे त्यांना मान्य. पण जाळं त्यात अडकलं तर? "जाळा अडाकला तर फाटता. हजारांनी नुकसान. जागा आमका विचारून ठरवची," ते म्हणाले. दुसऱ्याच वाक्याला म्हणाले, की ट्रॉलरचंही जाळं अडकेल, तळ खरवडणारे तिकडे फिरकणार नाहीत, ते बरं होईल. पर्ससीन नावाची मोठी घेरणारी जाळी आणि एलईडी दिवे लावून रात्री मासे ओढणाऱ्यांवर ते बराच वेळ बोलले. त्यांच्या दृष्टीनं हे जहाज म्हणजे आधी मासेमारीचा प्रश्न आणि मग पर्यटनाचा. संग्रहालयाच्या ठिकाणाचा नकाशा रापणकरांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या) आणि गिलनेटवाल्यांच्या (पाण्यात जाळं उभं लावणाऱ्यांच्या) बैठकीत ठेवून, त्यांनी खुणा केलेल्या जागा वगळूनच अंतिम व्हायला हवा. तोंडवळीत जमिनीच्या बाबतीत जे झालं ते पाण्याच्या बाबतीत व्हायला नको.

परतताना डॉल्फिन दिसले. पाठीवर उंचवटा असलेले, करडे, तीन-चार. तांडेलांनी इंजिन बंद केलं आणि होडी नुसती तरंगत ठेवली. दुसरी एक पर्यटक होडी मात्र इंजिन फुल करून त्यांच्या मागे लागली आणि ते बुडी मारून गेले ते गेलेच. तांडेल म्हणाले, गप्प राहिलं की तेच जवळ येतात. थोड्या वेळानं खरंच आले, होडीच्या उजव्या अंगाला, श्वासाचा फुस्स आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. लेक दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती.

सोमवार : परतीचा रस्ता

पहाटे निघून फोंडाघाट चढलो. भाच्यानं वहीत तोंडवळीचा नवा आराखडा काढला होता. कोस्टर खोडलेला. सड्यावर जमीन न घेता, गावातल्याच रिकाम्या घरांत स्कुबा शिकायला येणाऱ्यांची राहायची सोय. किनाऱ्यावर लाल, मंद, खाली झुकलेले दिवे. बंदरावर गुलदारचा कापलेला आडवा छेद दाखवणारं छोटं दालन, जिथे पाण्यात न उतरणाऱ्यालाही जहाज आतून कसं होतं ते कळेल. आणि त्याच्या शेजारी लेकीचा गुराब. मी त्यात एकच भर घातली : होडीत बसण्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटं प्रवाळाची ओळख, सक्तीनं, मालवणीतून आणि मराठीतून.

राधानगरीला चहाला थांबलो तेव्हा त्यानं तारकर्लीच्या केंद्रात फोन करून ओपन वॉटरच्या अभ्यासक्रमाची चौकशी केली. पावसाळ्यानंतरच्या तुकडीसाठी नाव कसं नोंदवायचं ते त्यांनी सांगितलं. वैद्यकीय दाखला लागतो, पोहता यावं लागतं. पोहणं त्याला येतं. दाखल्यासाठी डॉक्टरांकडे मी बरोबर जाणार आहे, कारण नाव माझंही नोंदवायचं ठरलंय.